रोबोंचा थवा तपासताना या चुका टाळा

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी रोबोंचा थवा (एकमेकांशी जुळवून घेत एकत्र चालणारे अनेक रोबो) निवडणाऱ्या गोव्यातल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं हेच: सगळे रोबो धडधाकट असताना घेतलेली चाचणी ही सुरक्षिततेची चाचणी नव्हे. त्यातला एक मुद्दाम बिघडवा आणि बाकीचे काय करतात ते बघा.

प्रत्येक रोबोची दिशा किंवा वेग ठरवायला बहुतेकजण शेजारच्या रोबोंनी पाठवलेल्या आकड्यांची सरासरी काढतात. एकाचा सेन्सर अडकून तो तोच आकडा पाठवत राहिला, की बाकीचेही हळूहळू तिकडेच ओढले जातात. कोडमध्ये चूक सापडत नाही, आणि शोधण्यात दिवस जातात. एक रोबो बिघडेल असं धरून चालायचं असेल, तर आपल्या आकड्याहून मोठ्यांतला सर्वांत मोठा आणि लहानांतला सर्वांत लहान आकडा गाळा, मगच सरासरी काढा. त्यासाठी प्रत्येकाला निदान ३ शेजारी ऐकू यायला हवेत. पण थव्याच्या दोन गटांना जोडणारे दुवे मोजकेच असतील तर तेवढ्यानेही भागत नाही. दुव्यांची ही अट तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

टक्कर टाळण्यातली चूक जुनी आहे. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले ‘बॉइड्स’चे नियम (अंतर राखा, दिशा जुळवा, एकत्र राहा) संगणकावरच्या पक्ष्यांसाठी होते. तिन्हींची बेरीज केली, की अंतर राखण्याचा जोर कधीतरी बाकीच्या दोघांपुढे कमी पडतो. पडद्यावर ते खपतं, मोटर लावलेल्या यंत्रांत नाही. अंतराचा नियम बेरजेत न घालता शेवटची गाळणी म्हणून ठेवा: आज्ञा धोक्याची वाटली तर ती सुरक्षित होईल इतपतच बदलायची. याला बॅरियर फंक्शनची पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या रोबोटेरियम या रोबो-प्रयोगशाळेत बाहेरच्या संशोधकांचा कोड चालवताना रोबो याच पद्धतीने सांभाळले जातात.

मांडवीत पाण्याखाली यंत्रं सोडणार असाल तर उशिराचा हिशेब आधी करा. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, म्हणून संदेश ध्वनीने जातो, सेकंदाला सुमारे १५०० मीटर. ३०० मीटरवर पोचायला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात सेकंदाला १.५ मीटर जाणारं यंत्र ३० सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. संदेशाचा ध्वनी करणाऱ्या मोडेमला लागणारा वेळ वेगळाच. प्रत्येक संदेशावर वेळ नोंदवा, आणि माहिती जितकी शिळी तितकं अंतर वाढवा.

उन्हात इन्फ्रारेड सेन्सर चकतात, मैदानातली चाचणी त्यांच्या भरवशावर ठेवू नका. आणि समोरासमोर आलेले दोन रोबो दोघेही थांबून राहिले, तर बॅटरी तपासत बसू नका. दोघेही एकमेकांना वाट देत असतात. दोघांनीही आपापल्या डावीकडे सरकायचं, एवढा नियम घातला की बहुतेक वेळा कोंडी सुटते.