रीफ टाकीत (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) शेवाळ माजलंय? औषधाआधी भिंग घ्या

चिमूटभर शेवाळ पांढऱ्या बशीत टाकीच्याच पाण्यात सोडा आणि भिंगातून नीट पाहा. मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे दिसले, तर ब्रायोप्सिस हे चिवट शेवाळ. नुसतेच हिरवे धागे असतील तर केसाळ शेवाळ. लालसर-जांभळी, सायीसारखी सोलून निघणारी चादर म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया). ते खरं तर जिवाणू. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारी पुन्हा दाट, तर डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांचा) संशय घ्या. नमुना बाटलीत जोरात हलवून टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा जमल्या, तर डायनोच.

हे ओळखल्याशिवाय हात घालू नका, कारण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत.

केसाळ शेवाळाचा खडक बाहेर काढा आणि टाकीतून उपसलेल्या पाण्याच्या बादलीत कडक ब्रशने घासा. टाकीतच उपटलं तर तुकडे सगळीकडे पसरतात. मग टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी सोडा. चाचणीत फॉस्फेट (शेवाळाचं खत) शून्य आलं तरी निर्धास्त होऊ नका. ते शेवाळानेच शोषलेलं असतं. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 एवढं राहू द्या. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) पाव मात्रेने सुरू करा. फॉस्फेट झपकन उतरलं की एसपीएस (बारीक तोंडांचे, नाजूक) प्रवाळ पांढरे पडतात.

डायनोला नेमकी हीच, पाण्यातलं खत कमी करणारी स्वच्छता मानवते. तेव्हा जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट-फॉस्फेट वर आणा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही (पाण्यावर अतिनील प्रकाश टाकणारा दिवा) चांगला चालतो.

ब्रायोप्सिस घासून जात नाही. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, लिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम: खडक-वाळू वजा जाता 200 लिटर पाणी असेल तर 150 मिलिग्रॅमच्या 7 गोळ्या. औषध प्रिस्क्रिप्शनवर मिळतं. कार्बन (गाळणीतला कोळसा) आणि यूव्ही बंद, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढलेला पण हवा चालू, असे 14 दिवस. मरणारं शेवाळ रोज सायफनने काढा, नाहीतर त्यातलं खत पाण्यातच उतरतं. शेवटी 25 टक्के पाणी बदलून कार्बन लावा.

सायनो सायफनने ओढा, तिथे पंपाचा झोत वळवा आणि साचलेली घाण काढा.

आता मुंबईच्या पाण्याबद्दल. सोसायटीत टँकर येऊ लागला की टाकीसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय यंत्रावरचा भार एकदम वाढतो. त्यातलं डीआय रेझिन (शेवटचे क्षार शोषणारे दाणे) संपत आलं की विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर अजून शून्य दाखवत असतानाच सिलिकेट निसटतं आणि काचेवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) बसतात. रंग बदलणारं रेझिन घ्या, तळापर्यंत रंग पोचायच्या आत बदला. आणि समुद्र जवळ आहे म्हणून जुहू-वरळीचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं.