मीर-१३३ए कमी दिसला? आधी स्लाइड बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे जिभेच्या कॅन्सरचे नमुने होते. प्रत्येक रुग्णाचे दोन तुकडे: एक गाठीचा, एक शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या भागाचा. क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) लावलं, तर मीर-१३३ए गाठीत जवळजवळ नाहीसाच. गाठ रोखणारा मायक्रोआरएनए (जनुकांवर लगाम ठेवणारा छोटा आरएनए) म्हणून तो पेपरांत आधीच आलेला, त्यामुळे मी हरखून गेले. आलेख दाखवला तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, "शेजारच्या तुकड्याची स्लाइड बघितलीस?"

नव्हती बघितली. पॅथॉलॉजीत जाऊन बघितली. वरचं अस्तर पातळ पट्टीएवढं आणि खाली सगळीकडे आडवेउभे गुलाबी स्नायूतंतू. मीर-१३३ए, मीर-१, मीर-२०६ हे मुळात स्नायूंतच भरपूर असतात. गाठीच्या तुकड्यात स्नायू नव्हते, म्हणून आकडा पडलेला. कॅन्सरने काय केलं, हे त्या आलेखातून कळतच नव्हतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना म्हणून हे आधी सांगते. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांची साखळी. ती प्रथिनाचा संदेश नेणाऱ्या एमआरएनएला चिकटते आणि त्यापासून प्रथिन बनणं कमी करते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मीर-१३७ आणि मीर-१९३ए यांच्या जनुकांवर मिथाइल गट बसून ती बंद पडतात, हे २००८मध्येच दाखवलं गेलं. पण पातळी कमी असणं म्हणजे गाठ रोखणं नव्हे. कॅल-२७सारख्या जिभेच्या कॅन्सरच्या पेशींत मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) घालून वाढ मंदावते का, हे स्क्रॅम्बल कंट्रोलशी (अक्षरांचा क्रम विस्कटलेल्या साखळीशी) ताडून बघावं लागतं. लक्ष्य जनुकातली मायक्रोआरएनए चिकटण्याची जागा ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडतात; ती जागा बदलल्यावर ल्युसिफरेजवरचा परिणाम जातो का, हेही तपासायचं. यात महिने जातात, जाऊ द्यावेत.

आपल्याकडचा रुग्ण बहुधा वर्षानुवर्षं तंबाखू-चुना गालात धरणारा असतो. त्याच्या गाठीशेजारचं अस्तरही बदललेलं असू शकतं. 'फील्ड कॅन्सरायझेशन' (गाठीभोवतीचा सगळा भागच बदललेला असणं) ही कल्पना १९५३पासूनची आहे. गाठीपासून किती अंतरावरून तुकडा घेतला, हे सर्जनना त्याच दिवशी विचारा. नंतर कुणाला आठवत नाही.

आरएनए काढताना छोट्या आरएनएसाठीचाच किट घ्या, साध्या कॉलममधून ते निसटतात.

उपचाराची घाई मात्र नको. मीर-३४एचं मिमिक माणसांना देऊन पाहिलं गेलं, पण प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६मध्ये थांबवावी लागली.

आता आमच्या उणे ८०च्या फ्रीजरमधल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर आत कुठल्या तुकड्यात गाठ किती, अस्तर किती आणि स्नायू किती, हे पॅथॉलॉजिस्टनी बघून दिलेलं चिकटवलेलं असतं.