१९१४ च्या आधीच्या फ्रेंच कादंबऱ्या वाचायला घेताय? आधी नकाशा उघडा

पहिल्या महायुद्धाआधीची फ्रेंच देशभक्तीची पुस्तकं वाचायची असतील तर थेट पहिलं पान उघडू नका, नकाशा घेऊन बसा. जर्मनांशी झालेल्या १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि मे १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहात पूर्व सीमेवरच्या दोन प्रांतांपैकी जवळजवळ सगळा अल्सास आणि लोरेनचा मेट्झकडचा भाग जर्मनीकडे गेला, वर ५ अब्ज फ्रँकची खंडणी वेगळीच. स्ट्रासबुर्ग, मेट्झ आणि व्होज डोंगररांग (नवी सीमा हिच्यावरूनच गेली) एवढं नकाशावर सापडलं की झालं, कारण पुढे पात्रं नुसतं खिडकीतून डोंगराकडे बघत बसली तरी त्यात काय दडलंय ते तुम्हाला कळेल.

सुरुवात दोदे या लेखकाच्या शेवटच्या फ्रेंच तासाच्या गोष्टीने करा, दहा मिनिटांचं काम आहे. अल्सासमधल्या शाळेत उद्यापासून फक्त जर्मन शिकवणार म्हणून हा फ्रेंचचा शेवटचा तास, आणि गोष्ट सांगतो तिथला एक शाळकरी पोरगा. रडू येतं, येऊ द्या, पण मग परत वाचा आणि विचारा की हा पोरगा घरी कुठली भाषा बोलत असेल? अल्सासमधल्या बहुतेक घरांत अल्साशियन चालायची, म्हणजे जर्मन कुळातलीच बोली. गोष्ट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पण मास्तर स्वतःच म्हणतात की आता जर्मन आपल्याला हिणवतील, स्वतःला फ्रेंच म्हणवता आणि तुम्हाला धड बोलता-लिहिता येत नाही! लेखक काय झाकतोय ते हुडकायची सवय इथेच लावून घ्या, पुढे सगळीकडे लागते.

मग लग्नाच्या गोष्टी. इथे जरा सावकाश वाचा, खरा माल इथेच आहे. बाझँच्या 'ले ओबेर्ले'मध्ये (१९०१) एकच घर फुटतं, बाप धंद्यासाठी जर्मनांशी जुळवून घेतो, मुलीचं जर्मन अधिकाऱ्याशी जमतं आणि मुलगा जर्मन सैन्यातून पळून सीमा ओलांडतो. बारेसच्या 'कोलेत बोदोश'मध्ये (१९०९) मेट्झमधली आजी आणि नात एका जर्मन प्रोफेसरला भाडेकरू ठेवतात, तो माणूस भला आहे, हळूहळू फ्रेंच वळणाच्या प्रेमात पडतो, मुलीला मागणी घालतो आणि १८७० च्या मृत सैनिकांसाठीच्या प्रार्थनेनंतर ती नाही म्हणते. तो दुष्ट असता तर नकार किती सोपा झाला असता ना? मुलगी म्हणजे प्रांत आणि मागणी म्हणजे तह, असं धरून वाचलं की सगळं उलगडतं, पण मला खरं सांगायचं तर यात त्या मुलीचं स्वतःचं मन कुठे उरतं तेच कळत नाही.

कंटाळा आला तर लेब्लाँची ल्यूपँ या सभ्य चोरावरची '८१३' (१९१०) घ्या, त्यात खुद्द कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, चोराला भेटायला तुरुंगात येतो, धमाल आहे. 'दोन मुलांची फ्रान्सयात्रा' हे १८७७ चं शाळेचं पुस्तक नुसतं चाळलं तरी चालेल. जर्मनीकडे गेलेल्या लोरेनमधल्या फाल्सबुर्गची दोन अनाथ भावंडं अख्खा देश फिरतात, पण सूड वगैरे जवळजवळ नाहीच, भूगोल आणि कारखानेच जास्त.

आणि हे सगळं सलग वाचू नका, डोकं तापतं आणि अख्खा फ्रान्स चाळीस वर्षं दात ओठ खात बसला होता असं वाटायला लागतं. मध्येच रेमी द गुर्माँ या फ्रेंच लेखकाचा १८९१ चा लेख वाचा. तो म्हणाला होता की त्या गेलेल्या प्रांतांसाठी मी उजव्या हाताची करंगळीसुद्धा देणार नाही, लिहिताना हात टेकायला लागते, आणि डावीचीही नाही, ती सिगारेटची राख झाडायला लागते. त्यापायी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली त्याची नोकरी गेली.