घोडेस्वारीचं टिकाऊ सामान: पैसे पाण्यात घालवणाऱ्या या चुका टाळा

माझ्याकडे रिकिबीच्या, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कडीच्या, पट्ट्यांची एक जोडी आहे. १४ वर्षं झाली, अजून एक टाका उसवलेला नाही. त्याच वर्षी तिच्या वीसपट पैसे मोजून घेतलेलं खोगीर मात्र पुण्यातल्या दुसऱ्याच पावसाळ्यात कामातून गेलं. दोन्ही वस्तू चामड्याच्या आणि एकाच दुकानातल्या. खोगीर मी जिवापाड जपलं होतं. तेल पाजून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं होतं. पट्टे विसरलो होतो, ते पागेतल्या खुंटीला उघड्या वाऱ्यावर लटकत राहिले. त्या विसरभोळेपणानेच ते वाचले, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तेव्हापासून बऱ्याच चुका केल्या, त्याहून जास्त इतरांच्या पाहिल्या. महागडं सामान लवकर खराब होतं आणि साधं सामान पिढीभर टिकतं, असं का होतं याची कारणं फार गूढ नसतात.

नालासाठी घोडं

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोगीर आधी घेणं. क्लबमध्ये तीन महिने शिकून झाले की हात शिवशिवायला लागतात आणि ऑनलाइन कुठेतरी झकास तपकिरी खोगीर दिसतं. पण खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसावं लागतं, मग आपल्याला. क्लबांमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी बरीच असतात, त्यांचा खांद्यावरचा उंचवटा टोकदार. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा वेगळ्या बांध्याचा, एखादं गोल पाठीचं तट्टू आणखी वेगळं. एकाला बसलेलं खोगीर दुसऱ्याच्या पाठीवर जखम करू शकतं. स्वतःचा घोडा नसेल तर स्वतःचं खोगीरही नको. ते पैसे आधी हेल्मेटला, मग बुटांना, मग हातमोजे आणि ब्रीचेसला (घोडेस्वारीच्या घट्ट विजारीला) लावा. रिकिबी आणि त्यांचे पट्टे स्वतःचे घेतले तर क्लबच्या कुठल्याही खोगिराला लावता येतात, म्हणून ती खरेदी फुकट जात नाही.

हेल्मेट ‘टिकाऊ’ समजणं

या सगळ्या यादीत एकच वस्तू अशी की जी वर्षानुवर्षं टिकली हे कौतुकाने सांगायचं नसतं. हेल्मेटच्या आत दाबला जाणारा फोम असतो. डोकं आपटलं की तो चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही आणि वरून टरफल मात्र तसंच चकाचक दिसतं. त्यामुळे डोक्यावर पडलात तर हेल्मेट गेलं असं धरायचं, तडा दिसो वा न दिसो. न पडताही साधारण ५ वर्षांनी बदलावं. घाम, ऊन आणि गाडीच्या डिकीतली उष्णता फोमला आणि गोंदाला खाते. मे महिन्यात हेल्मेट डिकीत ठेवणारे लोक मी दर वर्षी बघतो.

वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका, मैत्रिणीनं दिलेलं असलं तरी. तिला ते कधी सिमेंटच्या फरशीवर पडलं होतं हे आठवत असेलच असं नाही. आणि मोटरसायकलचं हेल्मेट चालतं का, हा प्रश्न दर बॅचमध्ये एक जण विचारतोच. नाही चालत. ते जड असतं, मानेवर भार येतो आणि बाजूचं नीट दिसत नाही. आतल्या लेबलवर एएसटीएम एफ११६३ (ASTM F1163) किंवा पास ०१५ (PAS 015) असं घोडेस्वारीचं मानक छापलेलं आहे का ते बघा. नसेल तर ती नुसती टोपी आहे.

चामडं आणि आपला पाऊस

चामड्याच्या निगेबद्दल इंग्लंड-जर्मनीहून येणारे सल्ले थंड, कोरड्या कपाटाच्या हिशेबाने लिहिलेले असतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पागेच्या भिंतीलाच ओल येते. माथेरान-महाबळेश्वरला तर विचारायलाच नको.

प्लॅस्टिकची पिशवी ही पहिली चूक. चामड्यात थोडा ओलावा असतोच, पिशवीत तो अडकतो आणि आठवड्याभरात हिरवट-पांढरी बुरशी धरते. जुनी सुती चादर पांघरा, हवा खेळू द्या, भिंतीला टेकवू नका. खोली लहान असेल तर लोखंडी कपाटात विजेचा मंद दिवा लावून ठेवणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचं सामान चांगलं राहतं.

बुरशी आलीच तर घाबरून उन्हात टाकू नका. घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर तीच बुरशी खोलीभर उडते. मग पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून ओलसर फडक्याने, शिवणींच्या खाचांतूनही फिरवा. सावलीत वाळू द्या. नंतर ग्लिसरीनचा साबण कमी पाण्यात, फेस न काढता. फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं. बुरशी पुसलेलं फडकं धुतल्याशिवाय दुसऱ्या वस्तूला लावायचं नाही.

दुसरी चूक तेलाची. मीही तीच केली होती. चामडं कडक वाटलं की तेल, चमक गेली की तेल, रविवार आला की तेल! जास्त तेल प्यायलेलं चामडं ढिलं पडतं, ताणलं जातं, आणि शिवणीचा दोरा आतून सडतो. मोहरीचं किंवा खोबरेल तेल काही साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, सवयीने लावतात. त्याला खवट वास सुटतो आणि उंदीर लगाम कुरतडतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, चामड्यासाठीचं तेल किंवा मलम पातळ हाताने लावलं की पुरतं. तेही आतल्या खरबरीत बाजूने, तिथून चांगलं मुरतं.

रोज करायचं ते वेगळंच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. रपेट संपली की ओल्या फडक्याने घाम पुसून घ्या. घोड्याच्या घामातलं मीठ चामड्यात राहिलं तर ते तडकतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या ओळखीत ते रोज करणारे चारच जण आहेत.

चामडं एकदा तडकलं की तेल ते मऊ करतं, सांधत नाही. लगाम, रिकिबीचा पट्टा, तंग (घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा) यांवर भेग दिसली तर ती वस्तू भिंतीवर शोभेला लावा.

‘डावा पट्टा लांब झालाय, कंपनीने फसवलं’

फसवलं नाही. आपण घोड्यावर नेहमी डावीकडून चढतो, सगळं वजन डाव्या रिकिबीत येतं आणि तो पट्टा हळूहळू ताणला जातो. दोन्हींवर एकच भोक लावलंय असं समजून आपण वाकडे बसतो, मग कंबर दुखते, मग घोडा एका बाजूला वळत नाही अशी तक्रार. दर महिन्याला डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करा. चढताना ओटा किंवा भक्कम स्टूल वापरा. माझी १४ वर्षांची जोडी याच कारणाने सारखी राहिली.

बक्कल रोज एकाच जागी येत असल्याने चामडं तिथेच झिजतं. जुने कारागीर अशा वेळी पट्टा बक्कलाच्या टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर कापून पुन्हा शिवून देतात, म्हणजे झीज नव्या जागी जाते. कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडून हे होतं. फक्त मेण लावलेला जाड दोरा वापरायला सांगा. बारीक नायलॉन चामडं सुरीसारखं कापतो.

रिकिबीचा पट्टा खोगिराच्या ज्या लोखंडी दांड्याला अडकतो त्याच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. ती वर करून बंद ठेवणं म्हणजे स्वतःला घोड्याला बांधून घेणं. स्वार पडला आणि पाय अडकला तर पट्टा मागे सरकून सुटावा म्हणून ती आडवी, उघडी ठेवतात. पावसात ती गंजून बसते. वर्षभरात कधीतरी बोटाने हलवून बघा, तेलाचा एक थेंब सोडा.

खोगीर एका बाजूला सरकतं

लोक लगेच तंग आवळतात. घोड्याचा श्वास कोंडतो आणि खोगीर तरीही सरकतंच. आधी रिकिबीच्या दोन्ही पट्ट्यांची लांबी मोजा. ती सारखी निघाली तर खोगीर उलटं करून मागून, दोन गाद्यांमधल्या पन्हळीतून सरळ रेषेत बघा. एक गादी चपटी दिसेल.

खोगीरभरती हा शब्द आपण निकामी माणसांसाठी वापरतो, पण खोगिरातली खरी भरती फार कामाची असते. गाद्यांमध्ये लोकर असते आणि ती बसत जाते, एका बाजूला जास्त. वर्षातून एकदा जाणकाराला दाखवून ती सारखी करून घ्यावी लागते. लोक १० वर्षं दाखवत नाहीत आणि मग नवं खोगीर घेतात. रपेटीनंतर घोड्याची पाठ बघायची सवय लावा. सगळीकडे घाम आणि मध्ये एक कोरडा तुकडा असेल तर तिथे दाब पडतोय. खांद्याच्या उंचवट्यापाशी पांढरे केस उगवले असतील तर तो दाब फार जुना आहे.

तंग अडकवायला खोगिराला बहुधा तीन पट्टे असतात आणि त्यांतले दोनच वापरायचे असतात. कुठले? बहुतेक खोगिरांत पहिला पट्टा स्वतंत्र पट्टीवर शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा मिळून एका पट्टीवर. म्हणून पहिला आणि दुसरा, किंवा पहिला आणि तिसरा. दुसरा-तिसरा एकत्र लावलेत तर ती एक पट्टी तुटली की खोगीर तुमच्यासकट खाली. तंगाचा इलॅस्टिकचा भाग मात्र दोन-तीन वर्षांत सैल पडतोच. तो कुठल्याही किमतीचा घ्या.

जुनं खोगीर घेताना

माझं आताचं खोगीर वापरलेलं घेतलंय, कानपूरचं. सैन्यासाठी खोगीर-सामान तिथे एकोणिसाव्या शतकापासून बनतंय, आणि कानपूरच्या या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिथलं काम उत्तम ते अगदी कामचलाऊ, सगळ्या प्रतीचं मिळतं. त्यामुळे नावावर जाऊ नका, खोगिराच्या आतला सांगाडा तपासा. मागची कड पोटाशी टेकवा, पुढची कमान दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा. स्प्रिंगच्या सांगाड्याला थोडी लवचिकता असते, पण बैठकीच्या मधोमध घडी पडली किंवा करकर आवाज आला तर सांगाडा तुटलाय. मग कमानीची दोन टोकं आतबाहेर दाबून बघा, तिथे अजिबात हालचाल नको. चामडं, शिवण, भरती सगळं दुरुस्त होतं. सांगाड्याची दुरुस्ती खर्चाच्या मानाने परवडत नाही.

पावसात रोज स्वारी असेल तर चामड्याचा हट्ट सोडा, असं मी आता उघड सांगतो. विंटेकसारखी कृत्रिम साहित्याची खोगिरं पाण्याने धुता येतात, आणि पुढची कमान बदलून रुंदी कमी-जास्त करता येते. दिसायला रुबाबदार नाहीत, हे खरं.

बूट: कपाटात ठेवून खराब होणारे

‘फक्त पाच वेळा घातले होते हो, आणि तळवा चुरा होऊन पडला.’ हे वाक्य मी दर दिवाळीत ऐकतो. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत आपोआप विघटित होतो, न वापरलेला तर जास्तच. जपून ठेवलेले बूट म्हणूनच दगा देतात. घेताना रबरी किंवा चामड्याचा, शिवलेला तळवा बघा. तो झिजला की नवा बसतो आणि वरचं चामडं आणखी १० वर्षं चालतं. टाच साधारण अडीच सेंटिमीटर हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. स्पोर्ट्स शूजमध्ये हीच गोची आहे. उंच बुटांपेक्षा घोट्यापर्यंतचे जोधपुरी बूट आणि वर अर्धे चॅप्स (पोटरीवर चढवायची चेनची वेष्टनं), हा जोड आपल्या हवेला बरा. चॅप्सची चेन गेली तर तेवढीच बदलता येते. ती जाते घाम आणि मातीच्या चिखलाने. जुना टूथब्रश घेऊन दर आठवड्याला दात घासल्यासारखी घासा.

लोखंडावर मुलामा

दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे लगाम, रिकिबी, घुंगरांच्या माळा असं सामानही ढिगाने असतं. सगळं झळझळीत. मी खिशात छोटं चुंबक घेऊन जातो. ते घट्ट चिकटलं तर बहुधा मुलामा दिलेलं लोखंड. मुलाम्याचा पापुद्रा निघाला की घोड्याच्या तोंडात गंज आणि धार. चुंबक चिकटलं नाही म्हणून लगेच पैसे काढू नका, निकेलचा मऊ मिश्रधातूही चिकटत नाही आणि तो दणक्यात मोडतो. स्टेनलेस स्टीलचा शिक्का शोधा आणि रिकीब बुटाहून साधारण अडीच सेंटिमीटर रुंद घ्या. बिटाचा, म्हणजे घोड्याच्या तोंडात राहणाऱ्या लगामाच्या धातूच्या भागाचा, सांधा बोटात धरून हलवा, खडखडला तर तो घोड्याची जीभ चिमटणार. गेल्या वेळी एका गाड्यावर मी ११ जोड्या पालथ्या घातल्या आणि एकही घेतली नाही. गाडीवाला म्हणाला, ‘भाऊ, घोडा घेताना तरी एवढं बघता का?’