विष गेले कुठे? अफ्लाटॉक्सिनवर जिवाणूंचे काम सुरू करणाऱ्यांसाठी

मका, ज्वारी किंवा भुईमुगातील बुरशीजन्य विषांचे जिवाणूंकडून विघटन करण्याचा विषय निवडलेले विद्यार्थी बहुधा सर्वप्रथम चांगला स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा विशिष्ट वाण, कुठे मिळेल, असे विचारतात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: द्रावणातून विष कमी झाले, तर ते गेले कुठे? हा प्रश्न मला उशिरा सुचला आणि त्याची किंमत अजूनही मनाला लागते, म्हणून त्यावरच सविस्तर लिहीत आहे.

जिवाणूंच्या संवर्धनात अफ्लाटॉक्सिन बी१ (धान्यावरील बुरशीने तयार केलेले एक विष) मिसळायचे, काही तासांनी सेंट्रिफ्यूज करायचे, वरचे द्रव एचपीएलसीवर (द्रवातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचे आणि आलेखातील शिखर लहान झाले की विघटनाची टक्केवारी मांडायची, ही पद्धत सर्रास दिसते. परंतु जिवाणूंच्या पेशीभित्तिकेला अफ्लाटॉक्सिन चिकटते. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या जिवाणूच्या उष्णतेने मारलेल्या पेशीही ते बांधून ठेवतात आणि पेशी धुतल्यावर त्यातले काही पुन्हा सुटते. म्हणजे वरच्या द्रवात नसलेले विष तळाच्या गाळात जसेच्या तसे असू शकते. म्हणून गाळ कधीही फेकू नका. तो मिथेनॉल किंवा क्लोरोफॉर्मने निष्कर्षित करा, त्यातील विष मोजा आणि द्रव, गाळ व धुतलेले पाणी या तिन्हींची बेरीज सुरुवातीच्या मात्रेशी ताडून पाहा. त्याच वेळी मृत पेशींचे, पेशीविरहित द्रवाचे आणि नुसत्या माध्यमाचे कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावा. मृत पेशींतही तेवढीच घट दिसली, तर ते विघटन नव्हे. नुसत्या माध्यमात घट दिसली, तर प्रकाश किंवा भांड्याचा पृष्ठभाग तपासा, कारण अफ्लाटॉक्सिन प्रकाशाने बदलते आणि काचेलाही चिकटते.

सामू मोजायलाही विसरू नका. पेप्टोनयुक्त माध्यम जिवाणूंच्या वाढीने अल्कधर्मी होऊ शकते आणि तशा स्थितीत अफ्लाटॉक्सिनच्या रेणूतील लॅक्टोन वलय उघडून त्याची अतिनील प्रकाशातली निळी चकाकी मंदावते, मात्र आम्ल मिळताच ते वलय पुन्हा मिटू शकते. जठरात आम्लच असते, त्यामुळे असा निकाल खाणाऱ्याच्या काहीही कामाचा नाही.

कूमरिन या वनस्पतीजन्य रसायनावर वाढणारे जिवाणू निवडण्याचा मार्ग सोयीचा आहे, कारण अफ्लाटॉक्सिनच्या रेणूत कूमरिनचा सांगाडा असतो. २००८ साली स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया या जिवाणूचा एक उपयुक्त स्ट्रेन अशाच निवडीतून पुढे आला. तरीही कूमरिन खाणारा प्रत्येक जिवाणू अफ्लाटॉक्सिन मोडतोच असे नाही, शिवाय ही प्रजाती दुर्बल रुग्णांमध्ये संसर्ग घडवते. केवळ एलायझा किटवर (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विष मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबणे मला त्याहून धोक्याचे वाटते, कारण रेणू किंचित बदलला तरी प्रतिपिंड त्याला ओळखेनासे होऊ शकते आणि विषारीपणा कायम असूनही आकडा खाली येतो. जे मार्गदर्शक दर आठवड्याला फक्त टक्केवारी विचारतात, त्यांच्याशी सुरुवातीलाच कंट्रोलविषयी बोलून घ्या. टाळाटाळ झाली, तर स्वतःच्या नोंदवहीत सर्व कंट्रोल लिहून ठेवा.

स्ट्रेन सापडत नसल्याने खचू नका. १९६६ मध्ये अमेरिकेतील सिग्लर आणि सहकाऱ्यांनी सुमारे हजार सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा द्रावणातून अफ्लाटॉक्सिन काढून टाकणारा फ्लॅव्होबॅक्टेरियम ऑरँटियाकम हा एकच जिवाणू मिळाला. अशा जिवाणूंचा शोध किती महत्त्वाचा आहे, हे १९७४ च्या घटनेने दाखवून दिले आहे: गुजरात आणि राजस्थानच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली.

मात्र कोरड्या दाण्यात जिवाणू वाढणार नाहीत, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. बारा-तेरा टक्के ओलाव्याच्या मक्यावर संवर्धन फवारून काही साधत नाही. आंबवण, ओले पशुखाद्य किंवा पचनमार्ग ही खरी क्षेत्रे आहेत. म्हणूनच फ्युमोनिसिन या मक्यातील दुसऱ्या बुरशीजन्य विषासाठी जिवाणूपासून मिळालेले एस्टरेज एंझाइम पशुखाद्यात वापरण्यास युरोपीय संघाने २०१४ मध्ये मान्यता दिली. तुमचा स्ट्रेन शेवटी विष नुसते बांधणारा निघाला, तर तो वाया गेलेला नाही. तो तसाच, बांधणारा म्हणून मांडा, प्रबंधाचे शीर्षक बदला आणि पोटातील आम्ल व पित्तात बांधलेले किती सुटते, हा प्रयोग लगेच हाती घ्या.