झाडांखालच्या स्विमिंग पूलला सँड फिल्टरच बरा
लोणावळा-कर्जतकडच्या बंगल्यात आंब्या-जांभळाच्या सावलीत पूल असेल, तर कार्ट्रिज फिल्टरच्या (घड्या घातलेल्या कापडी नळकांड्यातून पाणी गाळणाऱ्या) नादी लागू नका. पाणी तो जास्त बारीक गाळतो, हे खरं. पण मोहोर गळायला लागला की सारखं उघडून पाइपने धूत बसावं लागतं. सँड फिल्टरचं, म्हणजे वाळूतून पाणी गाळणाऱ्या फिल्टरचं, तसं नाही. धुतल्यानंतरच्या प्रेशरपेक्षा काटा ८-१० पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला, की पंप बंद करून व्हॉल्व्ह फिरवायचा, बॅकवॉश करायचा, म्हणजे पंप पुन्हा चालू करून पाणी उलटं सोडायचं आणि वाळूतली घाण बाहेर काढायची. वाळू साधारण ५-७ वर्षं टिकते. फिल्टर गरजेपेक्षा एक साइझ मोठाच घ्या. पानं मात्र तिथवर पोचू देऊ नका: वारा कचरा ज्या कडेला ढकलतो तिथे स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) बसवा आणि त्याची जाळी रोज रिकामी करा. यातून सुटका कुठल्याच फिल्टरने होत नाही.