कीबोर्ड गेला म्हणण्याआधी

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली माझा गाळा आहे. आत मी बसलो की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं, एवढीच जागा. बावीस वर्षं इथे बसून लॅपटॉप उघडतोय. "दादा, कीबोर्ड गेला, माऊसही हलत नाहीये," असं म्हणत लोक येतात आणि पाठोपाठ विचारतात, "नवीन कितीला पडेल?" मी आधी लॅपटॉप हातात घेतो. कारण नव्याची घाई एकदा मीच केली होती.

धंद्याला लागून वर्षसुद्धा झालं नसेल. कॉलेजातला एक मुलगा आला. बटण दाबलं तर अक्षर उमटत नाही, जरा वेळ दाबून धरलं तरच उमटतं. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा कीबोर्ड आणला, बसवला. तोही तस्साच! मग ट्यूब पेटली. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज 'फिल्टर कीज', म्हणजे घाईत दाबलेलं बटण मोजायचंच नाही ही सोय, चालू करू का म्हणून विचारतं. पोरानं विचार करता करता शिफ्टवर बोट टेकवून ठेवलं असणार आणि खिडकी आली तशी एंटर मारून, म्हणजे नकळत 'हो' म्हणून, घालवली असणार. कंट्रोल पॅनेलमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड (आता हे सेटिंग्जमध्ये असतं), तिथे ते बंद केलं आणि मामला मिटला. पैसे परत केले. तो कीबोर्ड अजून माझ्या खणात पडलाय.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की बिघाड विंडोजमध्ये आहे की बटणांमध्ये? याचा निकाल घरी, एक पैसा न घालता लागतो. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर काढा आणि तेच बटण पुन्हा अर्धा मिनिट दाबून धरा. नुसतं शट डाऊन करून भागत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला आतला भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं, अडकलेल्या गोष्टींसकट. बऱ्याचदा एवढ्यावरच कीबोर्ड आणि टचपॅड, म्हणजे लोक म्हणतात तो माऊस, दोन्ही जागे होतात.

नाही झाले तर लॅपटॉप चालू करताना लगेच एफ २ टकटक दाबत राहा. काही कंपन्यांत डिलीट लागतं, काहींत एफ १० किंवा एफ १. निळा, काळा, कसला तरी मेनू येईल, ते बायॉस. तिथे विंडोज अजून उठलेलंच नसतं. मेनू आला म्हणजे एक बटण तरी जिवंत आहे, हे तिथेच कळलं. आता बाणांची बटणं वरखाली करून बघा. हलतायत? मग सगळा कीबोर्ड गेलेला नाही, दोष बहुधा विंडोजमध्ये आहे, बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या. काहीही दाबून मेनूच येत नसेल, तर मात्र माझ्यासारख्याकडे यायची वेळ आलीय.

विंडोजमध्ये दोष असेल तर दुरुस्तीला हात हवेत. शेजाऱ्यांकडून यूएसबीचा माऊस मागून आणा. पासवर्डच्या पडद्यावर खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचं चिन्ह असतं, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. माऊसनं एकेक अक्षर टिपत आत जा. पासवर्ड बरोबर असून घेत नसेल तर कोपऱ्यात भाषा बघा. घरात कुणी मराठी टायपिंग केलं असेल तर मराठी अडकून बसलेली असते. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबा, बदलते. छोट्या लॅपटॉपात नम लॉक लागला तर जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात. त्यालाही लोक कीबोर्ड बिघडला म्हणतात.

आत गेल्यावर स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात कीबोर्ड्स. तिथल्या नोंदीवर उजवी क्लिक करून अनइन्स्टॉल आणि मग रीस्टार्ट. घाबरू नका, चालू होताना विंडोज आपणहून परत बसवतं.

टचपॅडची गोष्ट वेगळी. वरच्या ओळीतल्या एखाद्या एफवर टचपॅडचं चित्र असतं, चुकून बोट लागलं की पॅड बंद. एफएन धरून तेच पुन्हा दाबा. काही जुन्या लॅपटॉपांत पॅडच्या डाव्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, त्यावर दोनदा टकटक केलं की बंद-चालू होतं. बीकेसीत नोकरी करणाऱ्या एका ताईंचा पॅड घरी आल्यावर मरायचा आणि ऑफिसात त्यांना कधी कळायचंच नाही, कारण तिथे माऊस. मी लॅपटॉप फिरवून बाजूला बघितलं, तर वायरलेस माऊसचा नखाएवढा डोंगल लागलेला. माऊस ऑफिसच्या खणात, डोंगल इथे. लॅपटॉपच्या समजुतीनं माऊस जोडलेला आहे, म्हणून पॅड बंद. सेटिंग्जमधल्या टचपॅडच्या पानावर, माऊस जोडलेला असतानाही पॅड चालू ठेवा, अशा अर्थाची एक खूण असते, ती करून दिली.

फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकल्यावर कीबोर्ड चालतो आणि पॅड मेला, अशी तक्रारही नेहमीची. कीबोर्ड जुन्या, सरळ वाटेनं जोडलेला असतो, विंडोजला तो उपजत ओळखता येतो. आजकालचे पॅड आय-टू-सी नावाच्या वेगळ्या वाटेनं येतात आणि त्या वाटेचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग ओळखायला लावणारा प्रोग्राम (इंटेलच्या लॅपटॉपांत त्याचं नाव सीरियल आयओ), नसेल तर पॅड असून नसल्यासारखा. लॅपटॉपच्या पोटावर मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकून चिपसेट, सीरियल आयओ आणि टचपॅड असे तिन्ही ड्रायव्हर उतरवा.

कर्सर नाचतो, हे आमच्या भागाचं खास दुखणं. चाळींतलं वायरिंग जुनं, सॉकेटला तीन भोकं असली तरी मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. चार्जर लावला की धातूच्या बॉडीला हात झिणझिणतो आणि कर्सर भूत लागल्यासारखा उड्या मारतो. पॅडला बोटाची जाणीव विजेच्या बारीक फरकावरून होते, तिथेच हा गोंधळ शिरतो. चार्जर काढा. कर्सर शांत झाला तर पॅडला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मे महिन्यात घामट बोटांनीही पॅड असाच वेडावतो, त्याला रुमाल पुरतो.

आता खरंखुरं बिघडलेलं. एकच बटण अडलं असेल तर खाली शेव किंवा बिस्किटाचा चुरा असतो. लॅपटॉप उलटा धरून झटका, मऊ ब्रश फिरवा. पण जर ए, एंटर आणि एखादा बाण अशी एकमेकांपासून लांबची चार-पाच बटणं एकदम गेली, तर समजा रेघ तुटलीय. कीबोर्डाच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर चांदीसारख्या रेघांची जाळी असते. एका रेघेवर अनेक बटणं बसवलेली. वरळीचा किनारा असो की गिरगावची चौपाटी, समुद्राची हवा आणि पावसाळ्यातली ओल त्या रेघेला खाते. तिथे कीबोर्डच बदलावा लागतो. मात्र आधी उघडून कीबोर्डाला आतल्या बोर्डाशी जोडणारी पट्टी बघायची. बोर्डावर जिथे ती चपटी पट्टी शिरते, तिथे काळं किंवा पांढरं नाजूक लॉक असतं. नखानं उचलायचं, पट्टी सरळ ओढायची, टोकाला हिरवट डाग असला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसायची, सरळ घालून लॉक खाली. लॅपटॉप आपटल्यानं पट्टी नुसती निसटलेलीही असते. लॉक तुटलं तर खर्च वाढतो, म्हणून पहिल्यांदा करत असाल तर राहू द्या.

कटिंग सांडला तर त्या क्षणी बंद करा. फाइल सेव्ह करण्याचा मोह नको. चार्जर काढून, उघडा ठेवून, तंबूसारखा पालथा घाला. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायरही नको, गरम हवेनं बटणं वाकडी होऊ शकतात. चहातली साखर वाळून चिकटते, त्यामुळे दोन दिवसांनी चालू झाला तरी तो आतून धुवावाच लागतो.

आणि एक बिघाड असा, की तिथे काहीच करून बघायचं नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या काकू आल्या. "पॅडवर क्लिक होत नाही रे, बोटं दुखतात दाबून." लॅपटॉप काउंटरवर ठेवला तर तो डगमगला. झाकण पूर्ण मिटेना. पॅड कडेनं दीड-दोन मिलिमीटर वर आलेला. पॅडच्या खाली बहुतेकदा बॅटरी असते, ती फुगून त्याला ढकलत होती. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब बंद, पॅड दाबून बसवायचा नाही, कुठे टोचायचं नाही. लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

मी प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवून ती वाळूच्या डब्यात ठेवली. काकू वाकून बघत होत्या. "अगोबाई, तळलेल्या पुरीसारखी फुगलीय की!" मग चार्जरवर लॅपटॉप चालू केला आणि त्यांना म्हटलं, दाबा. पॅड टक् वाजला.

"म्हणजे नवीन नाही लागणार?"

"पॅड नाही. बॅटरी लागेल."

"मग सूनबाईला सांग तूच. ती मला दोन महिने म्हणतेय, तुम्हाला क्लिक करता येत नाही."